बिअरचा संग्रह: कोणती बिअर कोणत्या देशाची धरायची?

बेंबळाकाठ

राजेहो, एक नियम पक्का करायचा आहे आणि एकट्यानं होत नाही म्हणून धागा काढतो. मी बाभूळगावकडचा, शेती आणि कृषी केंद्र सांभाळून देशोदेशीच्या बिअरची लेबलं, रिकामे कॅन आणि झाकणं जमवतो. भरलेली बाटली ठेवत नाही, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या खोलीत बिअर टिकत नाही आणि बाटली फुटली तर काचा वेचत बसा. भाचा दुबईवरून येते, गावातले दोन पोट्टे जहाजावर आहेत, ताडोबाकडच्या रिसॉर्टचा माल उचलणारा एक भंगारवाला ओळखीचा आहे, असं करत करत अल्बम जाड झाला.

अल्बममध्ये एका देशाला एक पान. पण कोणती बिअर कोणत्या पानावर लावायची हेच ठरत नाही. यवतमाळच्या वाईन शॉपमधून हायनेकेन घेतली तर समोर मोठ्या अक्षरात ॲमस्टरडॅम आणि मागं बारीक अक्षरात भारतातला कारखाना. कार्लसबर्ग डेन्मार्कची म्हणावं तर तिचा एक कारखाना आपल्या संभाजीनगरला. फॉस्टर्स म्हणजे ऑस्ट्रेलिया असं आपण सगळे समजत आलो पण आपल्याकडं मिळणारी फॉस्टर्स १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तिथंच, तेव्हाच्या औरंगाबादला बनू लागली होती. बडवायझर भारतात बनते, ट्युबोर्ग भारतात बनते. म्हणजे दुकानाच्या फ्रीजमध्ये पाहिलं तर अर्धा युरोप दिसते आणि बाटली फिरवून वाचलं की सगळा भारत.

माझं मत, जिथं बनली तिथली. कंपनी कोणाची, नाव कोणाचं, बोधचिन्ह कोणाचं हे पाहायचं नाही. हा नियम लावला तर अल्बममधली बरीच पानं रिकामी होतात आणि भारताचं पान फुगून बसते, तरी मला हाच बरोबर वाटते. तुम्ही लोक काय करता? विशेषतः जे बाहेर देशात आहेत त्यांनी सांगा.

वर्धापार

भाऊ, मस्त विषय काढला. मी आर्वीकडचा, छपाईचा धंदा. मी पीत नाही, आणि आमचा जिल्हा गांधी-विनोबांचा, दारूबंदी आहे, त्यामुळं माझ्याकडं येते ते फक्त कागद. नातेवाईक लेबल सोडवून वहीत घालून पाठवतात. मला त्यातली छपाई आवडते, सोनेरी फॉइल कसं बसवलं, उठावाचं काम कसं केलं, ओल्या बाटलीवरही शाई का पसरत नाही, हे तासन्‌तास पाहू शकतो.

पण तुमचा नियम मला पटत नाही. हायनेकेन जगात कुठंही बनली तरी यीस्ट नेदरलँड्सवरूनच जाते, ते ए-यीस्ट म्हणतात त्याला, १८८६ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेत वेगळं काढलेलं. रेसिपी त्यांची, यीस्ट त्यांचं, चव तपासणारे त्यांचे. मग ती नेदरलँड्सची नाही तर कोणाची? चित्रकारानं यवतमाळात बसून काढलं काय आणि पॅरिसात बसून काढलं काय, चित्र त्याचंच राहते ना.

अमरावतीची_लेक

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काम करते, बिअर बनवणं हेच माझं रोजचं काम, म्हणून या यीस्टच्या मुद्द्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

वर्धापार दादा, यीस्ट आणि बनवणारा माणूस यावरून देश ठरवायचा म्हणाल तर जगातली सगळ्यात प्रसिद्ध बिअरच हातची जाते. १८४२ मध्ये आजच्या चेकमधल्या प्लझेन गावात पहिली पिल्सनर बनली, ती बनवणारा योसेफ ग्रोल हा बव्हेरियाचा, पद्धत बव्हेरियाची, यीस्ट बव्हेरियाच्या प्रकारचं. मग पिल्सनर जर्मनीची का? कोणीच म्हणत नाही, कारण पाणी तिथलं, जव तिथला, साझ भागातले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, तिथले आणि ती सोनेरी पिल्सनर पहिल्यांदा झाली ती त्या गावात. प्लझेनचं पाणी इतकं मऊ आहे की तीच रेसिपी कठीण पाण्यात केली तर हॉप्सचा कडवटपणा बोचरा लागतो. त्सिंगताओ घ्या, १९०३ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर जर्मन आणि इंग्रज लोकांनी सुरू केली, आज तिला कोणी जर्मन म्हणेल का? नामिबियाची विंडहुक तशीच, जर्मन लोकांनी सुरू केलेली, आणि ती नामिबियाचीच.

भारतात बनणाऱ्या बिअरमध्ये जव बहुतेक राजस्थानचा, हरियाणाचा असतो, पाणी तर इथलंच, बनवणारे हात इथले, ताप इथला. बेंबळाकाठ भाऊंचा नियम मला बरोबर वाटतो. फक्त 'बनली' हा शब्द ढिला आहे. जव भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट होतो, तो एका देशात. मग तो दळून गरम पाण्यात साधारण ६५ अंशांवर ठेवायचा म्हणजे पिठाची साखर होते, मग हॉप्स घालून उकळायचं, थंड करून यीस्ट टाकायचं. माल्ट बेल्जियमचा असू शकतो, हॉप्स अमेरिकेचे, बाटली भरणं तिसरीकडं. माझ्या मते आंबवलं कुठं हे धरा. साखरपाण्याची बिअर होते ती त्या टाकीत, त्याच्या आधी ती बिअर नसतेच.

बेंबळाकाठ

ताई, हे एकदम कामाचं सांगितलं. 'आंबवली कुठं' हे लिहून घेतलं.

वणीचा_म्युनिककर

मी वणीचा, सध्या म्युनिकला. इथं हा विषय लोक फार मनावर घेतात. युरोपात बव्हेरियन बिअर, चेक बिअर, कोलोनची क्योल्श यांना कायद्यानं भौगोलिक संरक्षण आहे, जसं आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ पासून आहे. क्योल्श कोलोन आणि आसपासच्या ब्रुअरींनीच बनवायची, दुसऱ्यानं तंतोतंत तशी बनवली तरी ते नाव लावता येत नाही. ट्रॅपिस्ट बिअर तर त्याहून कडक, मठाच्या भिंतींच्या आत किंवा अगदी लगत, साधूंच्या देखरेखीखाली बनली तरच तो षटकोनी शिक्का मिळतो. बेल्जियमच्या आखेल मठात साधू उरले नाहीत म्हणून २०२१ मध्ये त्यांचा शिक्का गेला, बिअर तीच, टाक्या त्याच. म्हणजे जागेला महत्त्व आहे हे त्या लोकांनीच मान्य केलेलं आहे.

उलट बाजूची उदाहरणं पण भरपूर. जर्मनीची बेक्स अमेरिकेत विकायची ती २०१२ पासून सेंट लुईसला बनू लागली, डब्यावर जर्मन ऐट तशीच ठेवली, लोक कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये कंपनीला तडजोड करून पैसे परत द्यावे लागले. जपानच्या किरिनवर पण अमेरिकेत तसाच दावा झाला. जमैकाची रेड स्ट्राइप अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी २०१२ मध्ये अमेरिकेतच बनवायला घेतली आणि २०१६ मध्ये परत जमैकाला नेली. म्हणून भाचा किंवा कोणी अमेरिकेतून रेड स्ट्राइप आणली तर लेबलवरचं वर्ष आणि जागा दोन्ही पाहा, त्या चार वर्षांतली असली तर ती जमैकाच्या पानावर लावू नका.

आणि मालकावरून देश ठरवायचा विचार तर कोणी करूच नका. २०२१ पासून युनायटेड ब्रुअरीजमध्ये हायनेकेनचा निम्म्याहून जास्त हिस्सा आहे, म्हणजे किंगफिशर डच झाली का? हेवर्ड्स ५००० ज्या कंपनीकडं गेली तिचं मुख्यालय बेल्जियमच्या ल्यूवेनला, मग हेवर्ड्स बेल्जियन? पिल्सनर उर्क्वेल २०१७ पासून जपानच्या असाहीकडं. असं धरलं तर सगळा अल्बम चार-पाच देशांत संपेल.

जवारीवाला

राजेहो मी पुसदकडचा कास्तकार, मले येवढं इंग्रजी-जर्मन समजत नाई, पन एक गोष्ट इचारतो. तुम्ही सारे जव जव करून रायले. जवारीची बिअर होते का नाई? आफ्रिकेत जवारीची पेतेत असं आयकलं हाय. आमच्या इकडं जवारी आता कोनी पेरत नाई, सारं सोयाबीन न् कपाशी झालं, पन माह्या आज्याच्या टायमाले पेवं भरून जवारी राह्यची. थे बिअर तुमच्या अल्बमात बसते का? का जव असन तरच बिअर म्हनायची?

अमरावतीची_लेक

काका, होते, आणि मोठ्या प्रमाणावर होते. दक्षिण आफ्रिकेची उम्कोम्बोती ज्वारी आणि मक्याची. झांबिया, झिम्बाब्वे, मलावीकडं चिबुकू मिळते, ती पण ज्वारी-मक्याची, दुधाच्या पुड्यासारख्या कागदी डब्यात येते आणि डब्यातच आंबत राहते म्हणून चार-पाच दिवसांत संपवावी लागते. खाली गाळ बसतो म्हणून हलवून प्यायची, तिचं नावच पडलंय शेक शेक.

आणि नायजेरियाचं तर मोठं उदाहरण आहे. १९८८ मध्ये तिथल्या सरकारनं जवाचा माल्ट बाहेरून आणायला बंदी केली, मग सगळ्या ब्रुअरींना ज्वारी आणि मक्याकडं वळावं लागलं, त्यात गिनेससुद्धा. आयर्लंडच्या बाहेर गिनेसचं फार मोठं गिऱ्हाईक नायजेरियात आहे, लेगॉसजवळ इकेजाला १९६० च्या दशकापासून बनते, आणि ती ज्वारीची बिअर आहे, डब्लिनपेक्षा जास्त तेज आणि कडू. म्हणून बेंबळाकाठ भाऊ, नायजेरियन गिनेस मिळाली तर आयर्लंडच्या पानावर अजिबात लावू नका, ती नायजेरियाची हक्काची आहे.

काका, ज्वारीची बिअर करताना अडचण अशी की तिच्यातलं पीठ फुलायला जवापेक्षा जास्त ताप लागतो, आणि त्या तापात साखर करणारे एन्झाइम मरतात, शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये ते मुळातच कमी. जवाला टरफल असतं, ते गाळणीचं काम करतं, ज्वारीला ते नाही म्हणून गाळताना सगळं चिकट होऊन बसतं. म्हणून एन्झाइम वरून घालतात किंवा दोन टप्प्यांत काम करतात. पण होते. मला स्वतःला विदर्भातल्या ज्वारीची एक बिअर करून पाहायची आहे, मालकांच्या मागं लागले आहे.

जवारीवाला

ताई कराच तुम्ही. दाने मी पाठवतो, पैशे नोको.

बेंबळाकाठ

काका, तुमच्या प्रश्नानं दुसरा नियम पण झाला. धान्याच्या पिठाची साखर करून आंबवलेली ती बिअर, मग जव असो, ज्वारी असो, नेपाळी तोंग्बासारखी कोदोची, म्हणजे आपल्या नाचणीची असो. झाडाचा रस आंबवला तर ती शिंदी, फळाची केली तर सायडर किंवा वाईन, मोहाची तर गाळलेली दारू, त्यांना माझ्याकडून मान आहे पण या अल्बममध्ये नाही.

ताई, जपानची साके? तांदळाचीच आहे.

अमरावतीची_लेक

तांत्रिकदृष्ट्या पिठाची साखर करूनच बनते, फक्त मोड आणून नाही तर कोजी नावाच्या बुरशीनं. पण साकेला तिचं स्वतःचं घर आहे, तिला बिअर म्हटलेलं जपानी माणसाला आवडणार नाही. मी म्हणेन मोड आणलेलं धान्य थोडं तरी हवं, मग तोंग्बा पण बाहेर जाते आणि मला वाईट वाटतं. तुम्ही ठरवा. तसंच जपानमध्ये हाप्पोशू म्हणून प्रकार आहे, कमी माल्टची. तिथं बिअरवरचा कर माल्टच्या प्रमाणावर ठरायचा, २०१८ पर्यंत ६७ टक्के माल्ट नसला तर कायद्यानं ती बिअरच नव्हती, मग ती अट ५० टक्क्यांवर आणली. म्हणजे काही डबे २०१७ मध्ये बिअर नव्हते आणि पुढच्या वर्षी झाले असते. अल्बममध्ये मी हाप्पोशू घेईन, कायदा कराचा आहे, टाकीतली गोष्ट तीच आहे.

बेंबळाकाठ

साके बाहेर, तोंग्बा आत, हाप्पोशू आत. तोंग्बाला लेबल नसते, लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात देतात, त्यामुळं माझ्याकडं येणार तरी कशी, पण दार उघडं ठेवतो.

कामठी_छावणी

नमस्कार मंडळी. माझा प्रश्न जुन्या मालाचा आहे. कामठीला छावणीतल्या एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं तेव्हा एका लाकडी पेटीत तळाला कागद होते, त्यात मरी ब्रुअरीचं एक लेबल मिळालं, १९४७ च्या आधीचं. मरी ब्रुअरी १८६० मध्ये घोडा गलीला सुरू झाली, ती जागा आज पाकिस्तानात, ब्रुअरी आज रावळपिंडीत चालू आहे. आता हे लेबल कोणाचं? माझा मुलगा म्हणतो पाकिस्तान, मला ते मनाला पटत नाही, कारण ती बिअर पिऊन झाली तेव्हा पाकिस्तान नावाचा देशच नव्हता. आणि इकडं सोलन-कसौलीच्या बिअरला आपण सरळ भारत म्हणतो, ती पण त्याच काळातली, १८५५ च्या आसपास कसौलीला एडवर्ड डायरनं सुरू केलेली.

वणीचा_म्युनिककर

काका, हे तर फार दुर्मिळ आहे, जपून ठेवा. इकडं पण हाच प्रश्न रोजचा. पूर्व जर्मनीच्या बिअरच्या लेबलवर व्हीईबी अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे सरकारी मालकीचा कारखाना, त्यावरून लगेच कळते. १९९० मध्ये तो देश संपला. राडेबर्गर आज पण बनते, त्याच गावात, पण व्हीईबी असलेलं लेबल आणि आजचं लेबल इथले संग्राहक वेगळ्या पानांवर लावतात. चेकोस्लोव्हाकिया ३१ डिसेंबर १९९२ ला संपला, त्याच्या आधीची बुडवार चेकोस्लोव्हाकियाची, नंतरची चेकची. मी पण त्याच मताचा. आंबवली त्या दिवशी त्या जमिनीवर ज्या देशाचं राज्य होतं तो देश.

बेंबळाकाठ

कामठी काका, मग तुमचं लेबल ब्रिटिश हिंदुस्थानच्या पानावर, आणि त्याच पानावर सोलनचं जुनं मिळालं तर ते पण. १९४७ नंतरचं मरी पाकिस्तानच्या पानावर आणि सोलन भारताच्या. मला हे सगळ्यात खरं वाटते. फोटो टाकाल का?

कामठी_छावणी

टाकतो. कडा उधईनं थोड्या खाल्ल्या आहेत पण नाव पूर्ण वाचता येते.

वर्धापार

काका, उधई लागली असेल तर त्या पेटीतून आजच बाहेर काढा. लेबल दोन स्वच्छ शोषकागदांमध्ये, वरून वजन, मग आम्लरहित कागदावर, पीव्हीसीच्या पिशवीत नको, ती काही वर्षांनी शाई ओढून घेते. पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या. डिंक किंवा सेलोटेप लावूच नका. आणि उन्हापासून दूर, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो.

ज्यांना बाटलीवरून लेबल सोडवायचं आहे त्यांच्यासाठी, साधं कागदी लेबल असेल तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा थोडासा टाकून रात्रभर बुडवा, सकाळी आपोआप तरंगते. प्लास्टिकचं चिकट लेबल असेल तर पाण्यात काहीच होत नाही, बाटलीत गरम पाणी भरा आणि एका कोपऱ्यातून हळू ओढा. कॅन फोडायचा असेल तर वरून टॅब उघडू नका, खालून दोन भोकं पाडा, वरची बाजू कोरी राहते.

फौजी_दारव्हा

जय हिंद. मी फौजेतून रिटायर, दारव्ह्याजवळ शेती. तुमचा धागा पूर्ण वाचला आणि ट्रंक उघडली. यूएनच्या मिशनवर दोनदा आफ्रिकेत होतो. सुदानला २०१० मध्ये मलाकालला होतो, तिथं व्हाइट बुल नावाची बिअर मिळायची, जुबाला कारखाना होता, २००९ मध्ये सुरू झालेला. लेबल माझ्याकडं आहे. आता दक्षिण सुदान देश ९ जुलै २०११ ला झाला. माझी बाटली त्याच्या आधीची. तुमच्या नियमानं ती सुदानची होते. पण खार्तूमच्या सरकारनं तर १९८३ पासून दारू बंद केलेली, ती बिअर जुबात बनली कारण दक्षिणेकडं वेगळा कारभार चालू झाला होता. तिथल्या लोकांना ती त्यांची पहिली बिअर म्हणून किती अभिमान होता ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला सुदान लिहिणं मला जड जाते.

दुसरं, काँगो मिशनवर गोम्याला असताना प्रायमस बिअरची झाकणं जमवली होती, पन्नासेक असतील, ती पोरांनी खेळून कमी केली, काही आहेत. ती काँगोची ना?

अमरावतीची_लेक

काका, प्रायमस काँगोत बनते, शेजारच्या दुसऱ्या काँगोत, म्हणजे ब्राझाव्हिलकडं पण बनते, रवांडात बनते आणि बुरुंडीत पण बनते, प्रत्येक ठिकाणी वेगळा कारखाना. आणि गोमा अगदी रवांडाच्या सीमेवर, पलीकडं गिसेन्यीला रवांडाची ब्रुअरी १९५० च्या दशकापासून आहे. त्यामुळं गोम्यात मिळालेलं झाकण काँगोचंच असेल असं धरता येत नाही. झाकणावर कंपनीचं नाव आहे का? ब्रालिमा असेल तर काँगो, ब्रालिर्वा असेल तर रवांडा.

फौजी_दारव्हा

झाकणावर फक्त प्रायमस. एक लेबल वहीत चिकटवलेलं होतं, ते शोधतो.

बेंबळाकाठ

फौजी काका, व्हाइट बुलचं तुम्ही जे लिहिलं त्यावर दोन दिवस विचार केला. मी अल्बममध्ये तिला सुदानच्या पानावर लावतो, कारण तारीख तारीख आहे, पण त्या पानाच्या खाली लिहितो की कारखाना जुबाचा, देश पुढं दक्षिण सुदान झाला, आणि तो कारखाना पैशाच्या तंगीमुळं २०१६ मध्ये बंद पडला. तुम्ही सांगितलेलं पण लिहितो, की लोकांना तिचा अभिमान होता. नुसतं लेबल लावून पान पूर्ण होत नाही. २०११ नंतरचं एखादं व्हाइट बुलचं लेबल कोणाकडं असलं तर सांगा, दक्षिण सुदानचं पान उघडता येईल.

वणीचा_म्युनिककर

मग आता यादी कोणती धरायची ते पण ठरवा. यूएनचे सदस्य १९३. फुटबॉलच्या फिफाचे २११, त्यात स्कॉटलंड, वेल्स वेगळे, फॅरो बेटं वेगळी. फॅरो बेटांवर १८८८ पासून ब्रुअरी आहे आणि त्यांना डेन्मार्क म्हटलेलं आवडत नाही. कोसोव्होची पेया बिअर आहे, तिचा कारखाना युगोस्लाव्हियाच्या काळातला, कोसोव्होनं २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, फिफात आहे, यूएनमध्ये नाही, भारतानं मान्यता दिलेली नाही. पॅलेस्टाईनची तायबे १९९० च्या दशकातली, रामल्लाजवळच्या गावची, पॅलेस्टाईन यूएनमध्ये निरीक्षक, भारतानं १९८८ मध्येच मान्यता दिली.

बेंबळाकाठ

मी यूएनचे १९३ आणि दोन निरीक्षक धरतो. बाकी तैवान, कोसोव्हो, फॅरो, स्कॉटलंड, वेल्स यांना अल्बमच्या दुसऱ्या भागात पूर्ण पान, अर्धं नाही. एखाद्या गावानं शे-सव्वाशे वर्षं स्वतःची बिअर केली आणि आपण तिला दुसऱ्याच्या नावाखाली कोपऱ्यात चिकटवली तर ते बरं दिसत नाही. पण मोजताना १९३ अधिक दोन मधलेच मोजणार.

वाशीमची_वही

मी नवीन आहे. मला वाटायचं बारकोड पाहिला की काम झालं, ८९० म्हणजे भारत. तसं करून चालते ना?

वर्धापार

नाही ताई, चालत नाही. छपाईवाल्याला हे रोज लागते. सुरुवातीचे आकडे सांगतात की कंपनीनं बारकोडची नोंदणी कोणत्या देशातल्या संस्थेकडं केली, माल कुठं बनला हे नाही. परदेशी कंपनी दुसऱ्या देशात बनवून स्वतःच्या देशाचा बारकोड लावू शकते. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता वाचा, बाहेरून आलेली असेल तर आयातदाराचं नाव आणि मूळ देश छापलेला असतो. आपल्याकडच्या बाटलीवर कोणत्या राज्यात विकायची ते पण छापतात, त्याचा बनवण्याच्या जागेशी संबंध नाही.

आणि बेंबळाकाठ भाऊ, यीस्टवर मी जे म्हणालो त्यावर अजून एक. नियम तुमचाच मान्य करतो, पण माझ्या वहीत मी लेबलखाली दोन ओळी लिहिणार, आंबवली कुठं आणि नाव कुठलं. कारण बिरा ९१ सुरुवातीला २०१५ मध्ये बेल्जियममध्ये बनून भारतात यायची, ती तुमच्या नियमानं बेल्जियमची, बरोबर आहे. आणि कोब्रा, लंडनमध्ये बसून करण बिलिमोरियांनी १९८९ मध्ये उभी केली, पहिला माल बंगळूरहून इंग्लंडला गेला, नंतर इंग्लंडलाच बनू लागली. एकाच नावाची लेबलं दोन देशांच्या पानांवर जाणार, तर वाचणाऱ्याला कळायला पाहिजे का गेली ते.

बेंबळाकाठ

दोन ओळींचं मी पण घेतो. पहिली कोब्रा भारताच्या पानावर, नंतरची युनायटेड किंगडमच्या. बिराचं पहिलं लेबल बेल्जियमच्या पानावर आणि मागून आलेलं भारताच्या.

भाच्याला पण कळवलं. विमानानं येणाऱ्याला दोन लिटरच करमुक्त आणता येते, म्हणजे ३३० मिलीचे सहा डबे, पण रिकाम्या धुतलेल्या डब्यांना तसली मर्यादा नाही, तर भरलेले आणण्यापेक्षा तिथल्या मित्रांचे वेगवेगळ्या देशांतले रिकामे घेऊन ये म्हटलं. बनवल्याची जागा वाचून, फोटो पाठवून, मगच बॅगेत टाक असं पण सांगितलं.

अमरावतीची_लेक

आणि अल्कोहोल नसलेली? इराणच्या, सौदीच्या दुकानांत माल्टची पेयं भरपूर असतात, कोणीतरी आणेलच. माझा सल्ला, आंबवून मग अल्कोहोल काढलेली असेल तर आत घ्या, नुसता माल्टचा अर्क पाण्यात घालून गॅस भरलेला असेल तर बाहेर. लेबलवर घटकांत माल्ट अर्क, साखर आणि कृत्रिम स्वाद एवढंच दिसलं की समजून जा.

बेंबळाकाठ

घेतलं.

फौजी_दारव्हा

वही सापडली. प्रायमसचं लेबल आहे, खाली ब्रालिर्वा असं स्पष्ट वाचता येते. म्हणजे मी गोम्यात बसून रवांडाची पीत होतो. झाकणांचं आता सांगता येत नाही, ती तुम्हाला नाही पाठवत, नातवाला देतो. लेबल आणि व्हाइट बुलचं दोन्ही पाठवतो, पत्ता मेसेजमध्ये टाका.

बेंबळाकाठ

काका, लेबल वहीच्या पानासकट कापून पाठवा, सोडवायला जाऊ नका, पाण्यात शाई उतरली तर कंपनीचं नावच जाईल. वर्धापार दादा सोडवून देतील, मी आर्वीला कपाशीच्या बियाण्यासाठी जाणारच आहे. स्पीड पोस्ट करा, मधे जाड पुठ्ठा घाला.

वर्धापार

आणा भाऊ. दुकान सकाळी दहाला उघडते. कामठी काकांनी मरीचं लेबल पण सोबत दिलं तर कडांना मागून पातळ टिश्यू लावून देतो, खाल्लेल्या कडा पुढं फाटणार तरी नाहीत.